ॲल्युमिनियम पाँटूनवरचा हट्टी थर: ॲसिड आणि ग्राइंडर हातात घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मनोरीच्या खाडीत बांधलेली 24 फुटी ॲल्युमिनियम पाँटून बोट, म्हणजे दोन पोकळ, हवाबंद नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट, दोन हंगाम पाण्यातच होती आणि पावसाळ्याआधी आता वर घेतली आहे. नळ्यांच्या पोटाला बार्नॅकलचे (बोटीला चिकटून वाढणाऱ्या, चुन्याचं कवच असलेल्या समुद्री जीवांचे) झुबके आहेत, पाण्याच्या रेषेवर काळपट तपकिरी पट्टा आहे आणि जिथे थोडं निघालं तिथे पांढऱ्या गोल चकत्या उरल्या आहेत. साबण आणि प्रेशर वॉशर लावून झालं. एकाने संडास साफ करायचं ॲसिड सुचवलं आहे, तर वेल्डिंगवाला ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून एका दुपारी चकचकीत करून देतो म्हणतो. यातलं काय करायचं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?

दोन्ही करू नका. दोन्हींनी थर निघेल, पण त्याच्याबरोबर पत्राही जाईल. पाँटूनच्या नळीचा पत्रा साधारण 2 ते 3 मि.मी. जाडीचा असतो. जाड लोखंडी बार्ज घासताना जी मोकळीक असते ती इथे नाही.

मुळात हा एक थर नाही, तीन वेगवेगळे थर एकावर एक बसले आहेत. सगळ्यात वर शेवाळ, गाळ आणि खाडीत तरंगणाऱ्या डिझेल-ऑइलचा चिकट मळ. त्याखाली बार्नॅकल आणि त्यांचे चुन्याचे बूड, म्हणजे त्या पांढऱ्या चकत्या. काही ठिकाणी त्याच्याही खाली ॲल्युमिनियमचा स्वतःचा गंज, पांढरट पावडरीसारखा. पहिल्याला साबण लागतो, दुसऱ्याला आधी खरवडणं आणि मग सौम्य ॲसिड. तिसरा हा मळ नसून पत्र्याचं झालेलं नुकसान आहे, तो कितीही घासला तरी पत्रा परत येत नाही. एकाच औषधाने तिन्ही काढायला गेलं की सगळ्यात चिवट थराला लागणारी ताकद सगळीकडे लावली जाते. पत्रा खराब होतो तो इथेच.

थर ओळखायला घरातलं व्हिनेगर पुरतं. तळहाताएवढा भाग साबणाने धुऊन पुसा आणि त्यावर दोन-चार थेंब टाका. बारीक फेस आला तर तो चुना. फेस आला नाही आणि बोट फिरवल्यावर काळं लागलं तर तो तेलकट मळ, तिथे ॲसिडचा काही उपयोग नाही. फेस नाही, पांढरी पावडर आहे आणि ती पुसल्यावर खाली टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा दिसला, तर तो गंज. नळीच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागात, शिवाय पाण्याच्या रेषेवर, अशा चार-पाच ठिकाणी ही चाचणी करा. एकाच नळीवर प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं येऊ शकतं.

आता ॲसिड का नको ते. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा तयार होतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा. खाऱ्या पाण्यात हा धातू टिकतो तो याच पापुद्र्याच्या जिवावर. साधारण 4 ते 9 पीएचच्या दरम्यान पापुद्रा शाबूत राहतो. त्याखाली किंवा वर गेलं की तो विरघळतो. संडास साफ करायच्या बहुतेक द्रवांमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते चुना झटकन खातं हे खरं, पण त्यातलं क्लोराइड पापुद्र्यातल्या बारीक फटींतून आत शिरून खड्डे पाडतं. वेल्डिंगच्या सांध्यात आणि बूच बसवायच्या आट्यांत राहिलेलं ॲसिड साध्या धुण्याने निघत नाही, ते तिथे बसून काम करत राहतं. आज चकचकीत दिसलेली नळी पुढच्या हंगामात सांध्यापाशी पाझरायला लागते ती यामुळे.

उलट टोकाचं तेच. कॉस्टिक सोडा आणि कॉस्टिक असलेले इंजिन डिग्रीझर ॲल्युमिनियमशी थेट भिडतात, हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि पत्रा काळा पडतो. धुण्याचा सोडाही नको, त्याच्या द्रावणाचा पीएच 11 च्या आसपास जातो. कुठल्याही डब्यावर "मेटल सेफ" लिहिलेलं असलं तरी पीएचच्या पट्टीने स्वतः तपासा. पट्ट्या स्विमिंग पूलच्या सामानाच्या दुकानात मिळतात.

ट्रक आणि कंटेनर धुणारे जे ॲल्युमिनियम ब्राइटनर वापरतात त्याबद्दल वेगळं आणि ठासून सांगतो. लेबलवर हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असेल तर तो डबा परत ठेवा. ही रसायनं कातडीतून आत जातात, पातळ द्रावणाने तर कित्येक तास वेदनाही होत नाहीत, आणि तोवर आत इजा झालेली असते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं आणि लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. धक्क्यावर चप्पल घालून, हातमोजे न घालता काम करणाऱ्या पोरांच्या हातात हा डबा देणं मला कुठल्याही कारणाने पटत नाही.

ग्राइंडरचं म्हणाल तर, लोखंडी तारेचा ब्रश पत्र्यात लोखंडाचे कण रुतवतो. खाऱ्या पाण्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम आधी झिजतं आणि प्रत्येक कणाभोवती एक खड्डा तयार होतो. पितळी ब्रश याहून वाईट, कारण त्यातलं तांबं ॲल्युमिनियमला जास्त खातं. शिवाय फिरता ब्रश सांध्यावरचं वेल्डिंग घासून पातळ करतो, आणि पाँटूनमध्ये सगळ्यात कमकुवत जागा तीच असते.

मग करायचं काय? आधी एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. नळ्यांवर रंग आहे की उघडा पत्रा आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रंग असेल तर ॲसिडचा टप्पा सोडून द्या. खरवडा, धुवा, आणि सैल झालेला रंग काढून नव्याने रंगवा. पुढचं सगळं उघड्या पत्र्यासाठी आहे. आणि कुणाची बोट पवना किंवा मुळशीसारख्या गोड्या पाण्याच्या जलाशयात असेल तर बार्नॅकलचा प्रश्नच नाही, तिथे पाण्याच्या रेषेवरचा शेवाळ-मातीचा पट्टा आणि थोडाफार क्षार एवढंच असतं. त्यांना खरवडण्याचा भाग लागणार नाही.

पहिलं काम ओलाव्याचं. बार्नॅकल ओलं असताना जितक्या सहज सुटतं तितकं वाळल्यावर सुटत नाही. वाळलं की वरचं कवच फुटतं आणि बूड पत्र्याला तसंच चिकटून राहतं. तुमच्या पांढऱ्या चकत्या हेच सांगतात. बोट वर आली त्याच दिवशी खरवडायला घेणं उत्तम. एका दिवसात होणार नसेल तर नळ्यांवर ओलं गोणपाट टाका आणि दर दोन-तीन तासांनी पाणी मारा. आधीच वाळली असेल तरी रात्रभर ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा, थोडा तरी फरक पडतो.

खरवडायला कडक प्लास्टिकची किंवा सागाची पाचर घ्या. रंगाऱ्याची लांबी लावायची पत्ती वापरायचीच असेल तर तिचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करून घ्या, कारण पत्र्यावर ओरखडा उठतो तो नेहमी कोपऱ्याने. पत्ती पत्र्याशी जवळजवळ समांतर, 15 ते 20 अंशात धरायची आणि बार्नॅकलच्या बुडाशी बाजूने रेटायचं. वरून ठोकायचं नाही, हातोडी तर मुळीच नाही. दिशा नळीच्या लांबीला धरून. सांध्यापाशी आलात की सांध्याच्या बाजूने जायचं, आडवं कधीच नाही. एका नळीला दोन माणसांना तीन-चार तास लागतात. घाई करण्यासारखा हा टप्पा नाही, इथे जेवढं निघेल तेवढं पुढे ॲसिड कमी लागेल.

खरवडून झाल्यावर प्रेशर वॉशर. दाब 1500 ते 2000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) पुरेसा, नोझल 25 किंवा 40 अंशांचं, अंतर किमान 30 सेंमी. बिंदूसारखी सरळ धार सोडणारं नोझल ॲल्युमिनियमवर वापरू नका. बूच, वायर, सेन्सर आणि स्टिकरवर धार मारू नका. तुमच्या पहिल्या प्रयत्नात वॉशरने भागलं नाही याचं कारण दाब कमी पडला हे नाही. बार्नॅकल चिकटतं ते पाण्याखाली घट्ट होणाऱ्या प्रथिनांच्या गोंदाने. त्याला बुडापाशी रेटा लागतो, वरून मारलेलं पाणी पुरत नाही.

मग साबण, आणि ॲसिडच्या आधीच. बरेच जण हा क्रम उलटा करतात. चुन्यावर तेलाचा पापुद्रा राहिला तर ॲसिड चुन्यापर्यंत पोहोचतच नाही, मग ते जास्त वेळ ठेवलं जातं, आणि तोपर्यंत शेजारचा उघडा पत्रा त्यात भिजत असतो. बादलीभर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड 50 ते 60 मिली, काथ्याचा ब्रश किंवा मऊ नायलॉनचा ब्रश, आणि भरपूर पाणी. पाण्याच्या रेषेवरचा काळपट पट्टा मुख्यतः डिझेलचा धूर आणि तेल यांचा असतो, त्याला दोन-तीन वेळा धुवावं लागेल. पत्रा स्वच्छ झाला की नाही ते पाणीच सांगतं. वरून सोडलेलं पाणी एकसंध पसरलं तर तेल गेलं. थेंब-थेंब होऊन फुटलं तर पुन्हा धुवा.

आता उरलेल्या चकत्या. यासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानातलं. तुमच्या बोटीचा हिशोब करतो. 24 फूट म्हणजे 7.3 मीटर लांबी, नळीचा व्यास 23 इंच धरला तर घेर सुमारे 1.83 मीटर. अर्धी नळी पाण्याखाली धरली तर एका नळीचे साधारण 6.7 चौरस मीटर, दोन्ही मिळून 13 ते 14. एका हाताला, म्हणजे एकदा लावायला, चौरस मीटरमागे 200 मिलीच्या आसपास द्रावण लागतं, म्हणजे दर हाताला पावणेतीन लिटर. तीन हात धरले तरी 10 लिटर पुरतात. 10 लिटर पाण्यात 1 किलो लिंबूसत्त्व. प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचा फवारणी पंप. लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत कालवू नका.

सकाळी लवकर करा किंवा सावलीत करा. मे महिन्यातल्या दुपारी पत्रा हात लावू देत नाही, आणि तापलेल्या पत्र्यावर द्रावण मिनिटभरात वाळून पांढरे ओघळ उठवतं. ते ओघळ काढणं मूळ चकत्या काढण्यापेक्षा कटकटीचं असतं. एकावेळी मीटर-दीड मीटरचा पट्टा घ्या. द्रावण खालून वर लावत जा, म्हणजे कोरड्या पत्र्यावर ओघळ उतरत नाहीत. 5 ते 10 मिनिटं ओलं ठेवा, चकत्यांवर फेस येईल. फेस थांबला की मरून रंगाच्या नायलॉन पॅडने हलक्या हाताने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. चकती उरली तर दुसरा हात, पण त्याच जागी सलग अर्धा तास ॲसिड ठेवू नका. जाड चकतीसाठी त्याच द्रावणात भिजवलेली चिंधी फक्त तिच्यावर 10 मिनिटं चिकटवून ठेवा. सगळा पत्रा भिजवण्यापेक्षा हे कधीही बरं.

लिंबूसत्त्वाने अगदीच हलत नसेल तर पुढची पायरी फॉस्फोरिक ॲसिड. बाजारात 85 टक्क्यांचं मिळतं. 9 भाग पाण्यात 1 भाग ॲसिड, आणि नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. 3 ते 5 मिनिटांत धुऊन टाकायचं. गॉगल, नायट्राइलचे लांब हातमोजे आणि गमबूट याशिवाय हात लावू नका. आधी बोटीच्या मागच्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी तळहाताएवढा तुकडा करून पाहा आणि वाळू द्या. पत्रा धुरकट करडा झाला तर द्रावण तीव्र आहे किंवा वेळ जास्त झाला. पाँटूनचा पत्रा बहुतेक वेळा 5052 मिश्रधातूचा असतो, त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं. ॲसिडने वरचं ॲल्युमिनियम खाल्लं की मिश्रधातूतला न विरघळलेला गाळ काजळीसारखा वर राहतो. मरून पॅड आणि पाण्याने तो पुसला जातो, पण ती खूण आहे की आता थांबा.

शेवटच्या धुण्याला कंजुषी करू नका. सांधे, बुचांच्या आटी, आडव्या पट्ट्यांचे कोपरे यांत पाईप धरून वेळ द्या. खाली गळणाऱ्या पाण्याला पीएचची पट्टी लावा. नळाच्या पाण्याइतकाच आकडा आला की ॲसिड गेलं. खात्री वाटत नसेल तर खाण्याचा सोडा लिटरला 20 ग्रॅम या मापाने फवारून पुन्हा धुवा. आणि शेवाळावर आधी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच मारलं असेल तर ते पूर्ण धुऊन निघेपर्यंत ॲसिड जवळ आणू नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच ॲल्युमिनियमवर मारूच नये, पण हॉटेल-रिसॉर्टच्या बोटींवर ते सर्रास मारलेलं असतं म्हणून सांगितलं.

हे सगळं खाली ताडपत्री अंथरून करा. ॲसिडचं पाणी गोळा करा, त्यात खाण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत टाका आणि मगच गटारात सोडा. खाडीत किंवा तिवरांच्या मुळांशी नको. खरवडलेला जुना रंग तर वेगळ्या पोत्यात भरून घातक कचरा म्हणूनच द्यायचा.

क्रेन परवडत नाही म्हणून काही जण भरतीला बोट किनाऱ्याला लावून ओहोटीत काम करतात. खरवडण्यासाठी ते चालतं, ॲसिडसाठी अजिबात नाही. फक्त एक हिशोब चुकवू नका. उधाण ओसरत असताना बोट वर लावली तर प्रत्येक पुढची भरती आधीपेक्षा ठेंगणी येते आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला, पाणी बोटीपर्यंत पोहोचतच नाही. मग पुढच्या उधाणापर्यंत बोट तिथेच. अमावास्या-पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, पाणी चढत असताना लावा. खडकाळ जागा टाळा. नळीखाली एक टोकदार दगड आला तर संपूर्ण बोटीचा भार त्यावर येतो.

पत्रा स्वच्छ झाला की घासणं थांबवून बघायचं काम सुरू होतं. बार्नॅकलखाली ऑक्सिजन पोहोचत नाही, त्यामुळे पापुद्रा स्वतःला दुरुस्त करू शकत नाही आणि नेमके तिथे खड्डे पडतात. दोन हंगाम पाण्यात असलेल्या बोटीवर काही खड्डे सापडतीलच. बारीक, नख अडकण्याइतके असतील तर रंगाने भागेल. खड्डा जवळपास 1 मि.मी. किंवा त्याहून खोल वाटला तर अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने आजूबाजूचा पत्रा मोजून घ्या. प्रत्येक नळीत आत वेगवेगळे बंद कप्पे असतात. त्यांची गळती तपासायला बुचातून 2 पीएसआयपर्यंत हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. 3 पीएसआयच्या वर जाऊ नका, नळी फुगून सांधा उसवतो. गॅरेजमधल्या टायरच्या हवेने भरत असाल तर रेग्युलेटर लावल्याशिवाय नळी जोडूच नका. वेल्डिंग लागलं तर 5356 ही ॲल्युमिनियमची वेल्डिंग तार वापरणारा माणूस शोधा आणि कप्प्याचं बूच उघडं ठेवूनच वेल्डिंग करू द्या. बंद कप्प्यातली हवा तापून सांधा फुटू शकतो.

पॉलिश करू का, असंही तुम्ही विचारलं आहे. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या बोटीच्या पाण्याखालच्या भागाला पॉलिश करून काही मिळत नाही, काही आठवड्यांत तो पुन्हा मंद होतो. तो पैसा रंगात घाला. उघड्या, ताज्या स्वच्छ पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर चढवा, कारण उशीर झाला की खारा वारा पत्र्यावर बसतो आणि प्रायमर धरत नाही. प्रायमरचे दोन-तीन हात, त्यावर ॲल्युमिनियमसाठी म्हणून विकला जाणारा, तांबेविरहित अँटीफाउलिंग (शेवाळ-बार्नॅकल बसू न देणारा) रंग. आपल्या लाकडी मच्छीमार बोटींच्या तळाला लावतात तो क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे तांब्याचा, रंग ॲल्युमिनियमवर लावू नका. प्रायमर कुठे खरवडला गेला की तिथल्या उघड्या पत्र्याला त्यातलं तांबं खातं, आणि पाँटून पुळणीवर लावली जाते म्हणजे प्रायमर खरवडला जाणारच.

अॅनोडकडेही, म्हणजे नळीऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेल्या धातूच्या तुकड्यांकडेही, बघा. खाऱ्या पाण्यासाठी ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे, नळीच्या पत्र्याशी धातूला धातू लागून बसवलेले. त्यांच्यावर रंग मारायचा नाही, निम्मे झिजले की बदलायचे. मॅग्नेशियमचे अॅनोड गोड्या पाण्यासाठी असतात. खाडीत ते गरजेपेक्षा जास्त काम करतात, नळीच्या पृष्ठभागाशी अल्कली तयार होते आणि त्या अल्कलीने ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. बॅटरीची निगेटिव्ह वायर नळीच्या पत्र्याला कुठे लागत नाही ना, हेही त्याच वेळी तपासा.

पावसाळ्यात बोट ज्या लाकडी ओंडक्यांवर ठेवाल ते वाळवीसाठी तांब्याची प्रक्रिया केलेलं लाकूड नसावं, आणि त्यांच्यावर जुना गालिचा गुंडाळू नका. गालिचा मीठ आणि ओल धरून बसतो आणि चार महिन्यांत नळीवर नेमका त्याच्याच आकाराचा गंज उठतो. रबराच्या पट्ट्या घाला. बोट मागे थोडी उतरती ठेवा, बुचं काढून ठेवा. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवाल तेव्हापासून दर दोन आठवड्यांनी ओहोटीला नळ्यांवरून मऊ स्पंज फिरवत जा. त्या वेळी फक्त बुळबुळीत थर असतो आणि तो हाताने निघतो. खाडीच्या कोमट पाण्यात बार्नॅकल बसून कडक व्हायला काही आठवडेच लागतात.